पाण्यात ‘गायब’ होणारा दगड : क्रायोलाइटविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्याकडे सुपारीएवढा एक पांढरा खडा आहे. नागपुरातल्या शाळांमध्ये किंवा एखाद्या वाचनालयात खनिजं दाखवायला बोलावतात, तेव्हा माझी बाकीची पेटी लोक शिष्टाचार म्हणून पाहतात आणि या एका खड्याभोवती गर्दी करतात. प्रश्नही दरवेळी तेच. म्हणून एकदाचे लिहून ठेवतो आहे. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, दगडांचा नाद निवृत्तीनंतरचा. त्यामुळे उत्तरांत रसायन जरा जास्त येईल, त्याला इलाज नाही.

क्रायोलाइट म्हणजे नेमकं काय?

सोडियम, ॲल्युमिनियम आणि फ्लोरीन यांचं नैसर्गिक संयुग. सोडियमचे ३ अणू, ॲल्युमिनियमचा १ आणि फ्लोरीनचे ६. वजनाने पाहिलं तर निम्म्याहून जास्त, सुमारे ५४ टक्के, फ्लोरीनच. ज्या खनिजांत क्लोरीन, फ्लोरीन यांच्यासारखं हॅलोजन मुख्य असतं, त्यांना हॅलाइड खनिजं म्हणतात. आपलं जेवणातलं मीठ त्यातलं सगळ्यांत ओळखीचं. क्रायोलाइट त्याच घराण्यातला, पण सहसा कुणाला न भेटणारा नातेवाईक.

तो पाण्यात खरंच गायब होतो का? की हातचलाखी आहे?

हातचलाखी नाही. काचेच्या पेल्यात साधं पाणी घ्या आणि खडा दोऱ्याला बांधून सोडा. वर असताना तो ओल्या खडूसारखा पांढरा दिसतो. पाणी भेगांत शिरायला लागलं की भिजत घातलेल्या साबुदाण्यासारखा अर्धपारदर्शक होतो. मग कडा पुसट होतात, आणि पातळ कोपऱ्याकडे पाहाल तर तिथे दगड आहे की पाणी, हे कळत नाही. माझ्या खड्यात मोहरीएवढे सिडेराइटचे (लोखंडाचं खनिज) दोन तपकिरी दाणे आणि गॅलेनाचा (शिशाचं खनिज) एक चंदेरी ठिपका अडकलेला आहे. खडा विरला की ते तिन्ही पाण्यात अधांतरी लोंबकळत राहतात. मला सगळ्यांत आवडतं ते हेच दृश्य. हुडकेश्वरकडच्या एका शाळेत एक मुलगी ओरडली होती, “सर, गायब झाला न!” आणि मग शांतपणे म्हणाली, “पण त्याचा तीळ राह्यला.”

कारण अपवर्तनांकात, म्हणजे पदार्थ प्रकाशाला किती वाकवतो हे सांगणाऱ्या आकड्यात आहे. प्रकाश एका पदार्थातून दुसऱ्यात जाताना वाकतो आणि थोडा परततो, म्हणून आपल्याला वस्तूची कड दिसते. पाण्याचा अपवर्तनांक १.३३३ आणि क्रायोलाइटचा साधारण १.३३८. प्रकाशाला एकातून दुसऱ्यात शिरल्याचं जाणवतच नाही. स्फटिकाचा, म्हणजे क्वार्ट्झचा अंक १.५५ च्या आसपास, चुनखडीतल्या कॅल्साइटचा १.६६ पर्यंत, म्हणून ते पाण्यातही ठळक दिसतात. क्रायोलाइटचा अंक इतका कमी का, तर फ्लोरीन आपले इलेक्ट्रॉन घट्ट धरून ठेवतो. प्रकाश आला तरी ते फारसे हलत नाहीत, आणि प्रकाशाचा वेग कमी व्हायला कारणच मिळत नाही.

घरी करून पाहायचं आहे, पण खडा नाही. काय करू?

प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काचेची परीक्षानळी शेंगदाण्याच्या तेलात बुडवा, नळीतही तेल भरू द्या. तत्त्व तेच, खर्च चिवड्याएवढा.

म्हणजे तो विरघळतो?

नाही. दिसत नाही म्हणजे विरघळला असं नाही. बाहेर काढून पुसला की जसाच्या तसा. मात्र अगदी किंचित विरघळतो, लिटरभर पाण्यात अर्ध्या ग्रॅमपेक्षाही कमी. म्हणून प्रयोग झाला की खडा लगेच काढावा. मी एकदा रात्रभर पेल्यातच विसरलो. सकाळी चमक थोडी उतरलेली वाटली. माझा भ्रमही असेल, पण तेव्हापासून मलमलीचा तुकडा पेटीतच ठेवतो.

‘न वितळणारा बर्फ’ म्हणतात तो हाच का?

हाच. नावच तसं आहे. ग्रीक भाषेतल्या हिम आणि दगड या अर्थाच्या दोन शब्दांपासून बनलेलं. १७९९ मध्ये कोपनहेगनच्या पीटर ख्रिश्चन आबिल्डगार्ड यांनी त्याचं वर्णन केलं. हे गृहस्थ मुळात पशुवैद्य, डेन्मार्कची पशुवैद्यक शाळा त्यांनीच काढली. आणि वितळत नाही हे खरं नाही बरं का! शुद्ध क्रायोलाइट सुमारे १०१० अंश सेल्सिअसला वितळतो. क्वार्ट्झसारख्या खनिजांच्या मानाने हे फारच कमी, आपल्या मे महिन्याच्या मानाने बरंच जास्त.

खरा क्रायोलाइट ओळखायचा कसा?

हा प्रश्न मी पैसे घालवून शिकलो आहे. पहिला ‘ग्रीनलंडचा क्रायोलाइट’ मी ऑनलाइन मागवला होता. डबा छान, आत कापूस, सोबत सोनेरी कडांचं प्रमाणपत्र. लिंबू पिळलं तर खडा फसफसला. शुद्ध कॅल्साइट! विक्रेत्याला लिहिलं, तर उत्तर आलं की लिंबू लावल्यामुळे वस्तू परत घेता येणार नाही.

तेव्हा आधी कडकपणा पाहा. कडकपणाच्या १ ते १० अशा मोहच्या मापात क्रायोलाइट २.५ ते ३. चाकूचा ओरखडा सहज उठतो आणि तो स्वतः काचेवर रेघ ओढू शकत नाही. लोक आणून देतात त्या दहा पांढऱ्या दगडांपैकी बहुतेक इथेच बाद होतात, कारण ते स्फटिक, म्हणजे क्वार्ट्झ असतात आणि काच कापतात. लिंबू किंवा व्हिनेगर टाकून फसफसला तर कॅल्साइट. चमक काचेसारखी पण थोडी तेलकट, मेणबत्तीवरून बोट फिरवल्यासारखी. खऱ्या अर्थाने पाटन, म्हणजे ठरावीक सपाट पातळीवर फुटणं, नाही, पण तो तीन दिशांनी जवळजवळ काटकोनात तुटतो, त्यामुळे तुकडे ठोकळ्यांसारखे दिसतात. त्याचे स्फटिक एकनताक्ष, म्हणजे एक अक्ष तिरका असलेले, असूनही घनाकृती वाटतात आणि भलेभले फसतात.

घनता मोजली तर शंका उरत नाही. सोनाराकडे असतो तसा छोटा काटा घ्या. माझा खडा हवेत २४ ग्रॅम भरतो. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य केला आणि खडा दोऱ्याने पाण्यात असा लोंबकळवला की तळाला टेकणार नाही, तर काटा ८ दाखवतो. २४ भागिले ८, म्हणजे ३ च्या आसपास. पुस्तकातला आकडा २.९७. कॅल्साइटचा २.७१ आणि जिप्समचा २.३ येतो. एवढं केलं आणि पाण्यात कडाही हरवल्या, तर खुशाल पेढे वाटा.

एक सक्त सूचना. ओळख पटवायला कुणी गंधकाम्ल टाकून बघायला सांगितलं, तर ऐकू नका. त्यातून हायड्रोजन फ्लोराइड निघतो, आणि तो कातडीतून हाडापर्यंत पोचणारा वायू आहे. लिंबावर थांबा.

इतका दुर्मीळ का? सोडियम, ॲल्युमिनियम, फ्लोरीन तर सगळीकडे आहेत.

माझ्या मते सगळ्या प्रश्नांत हा खरा प्रश्न आहे, आणि तो सगळ्यांत कमी विचारला जातो.

उत्तर एका शब्दात: कॅल्शियम. फ्लोरीनला कॅल्शियम भेटला की तो बाकी कुणाकडे बघत नाही. दोघांचं जमतं आणि फ्लोराइट नावाचं खनिज तयार होतं. जांभळं, हिरवं, पिवळं, जगभर मुबलक. आणि कॅल्शियम कुठे नसतो? चुनखडीत आहे, बेसॉल्टमध्ये आहे, बहुतेक ग्रॅनाइटमध्येही थोडाफार आहे. क्रायोलाइट तयार व्हायचा तर ग्रॅनाइटचा रस थिजत जाताना शेवटी जो गाळीव द्रव उरतो, त्यात फ्लोरीन भरपूर हवा, सोडियम हवा आणि कॅल्शियम जवळजवळ नको. मगच फ्लोरीन नाइलाजाने सोडियम-ॲल्युमिनियमबरोबर संसार थाटतो. असा योग पृथ्वीवर क्वचित जुळून येतो. कॅल्शियमचं हे सूत्र लक्षात ठेवा, पुढे आपल्या बोअरच्या पाण्यातही तेच भेटणार आहे.

मग सापडला कुठे?

खाण काढून मोठ्या प्रमाणात उपसला तो एकाच ठिकाणी: नैर्ऋत्य ग्रीनलंडमधलं इव्हित्तूत. जुन्या पुस्तकांत हे नाव इव्हिगतुत असं दिसेल. अर्सुक नावाच्या खाडीच्या अगदी काठावर, सव्वाशे कोटी वर्षांहून जुन्या ग्रॅनाइटच्या एका छोट्या गोळ्यात हा साठा होता. शेजारी सिडेराइट, क्वार्ट्झ, फ्लोराइट, गॅलेना, स्फॅलेराइट. माझ्या खड्यातले ‘तीळ’ तिथलेच.

युरोपात नमुने आले होते, पण ते नेमके कुठून आले हे नीट ठाऊक नव्हतं. कार्ल लुडविग गिजेके १८०६ मध्ये तिथे जाऊन साठा पाहून आले. हे पूर्वाश्रमीचे नाटकवाले, नंतर खनिजतज्ज्ञ झालेले. ग्रीनलंडमध्ये सात वर्षं राहिले. पुढे डॅनिश रसायनशास्त्रज्ञ युलियस थॉमसेन यांनी १८५० च्या दशकात क्रायोलाइटपासून धुण्याचा सोडा काढायची रीत शोधली आणि खाण सुरू झाली. म्हणजे पहिली तीस वर्षं हा दुर्मीळ दगड लोकांचे कपडे धुण्यात गेला! ॲल्युमिनियमची पाळी नंतर आली. थॉमसेनच्या नावाने थॉमसेनोलाइट हे खनिज आहे, तेही क्रायोलाइट कुजून-बदलूनच तयार होतं आणि प्रथम तिथेच सापडलं.

दुसऱ्या महायुद्धात या खाडीचं महत्त्व एकदम वाढलं. ग्रीनलंड डेन्मार्कच्या ताब्यात होतं, आणि एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने डेन्मार्कच घेतला. विमानं ॲल्युमिनियमची, ॲल्युमिनियमला क्रायोलाइट हवा, आणि तो इथेच. अमेरिकेने खाणीच्या राखणीसाठी जवळच्या ग्रोनेदालला तळ उभारला. एका पांढऱ्या दगडासाठी तोफा आल्या.

खाणीतला माल १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला संपत आला, साठवलेला माल पाठवणं चालू राहिलं आणि १९८७ मध्ये सगळंच बंद झालं. गाव ओस पडलं, खड्ड्यात पाणी भरलं. तळाशी थोडाफार क्रायोलाइट राहिला असेल तर तो तिथेही दिसायचा नाहीच.

दुसरीकडे कुठेच नाही?

आहे. ब्राझीलमधल्या पितिंगा खाणीत मोठा साठा आहे. अमेरिकेत कोलोरॅडोच्या पाइक्स पीक भागात, कॅनडात क्वेबेकमधल्या मॉन्ट सेंट-इलेअरला, रशियात मियासजवळ आणि नायजेरियातही थोडा. संग्राहकांच्या पेट्यांमधला बहुतेक माल मात्र ग्रीनलंडचाच.

आमच्या शेतात पांढरा दगड सापडला आहे. क्रायोलाइट असेल का?

नसेल. सरळ सांगितल्याबद्दल राग मानू नका. नागपूर शहर दोन दगडांच्या सीमेवर वसलेलं आहे. सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे तो बेसॉल्ट, म्हणजे दख्खनचा काळा पत्थर. तिथून पश्चिमेला काटोल, अमरावतीकडे तोच. पूर्वेला आणि उत्तरेला जुने नाइस, शिस्ट खडक आणि रामटेक-मनसरकडचं मँगनीज. बेसॉल्टमध्ये कॅल्शियमची रेलचेल. त्याच्या पोकळ्यांत मिळतात ते झिओलाइट, कॅल्साइट आणि गारगोट्या. झिओलाइटसुद्धा देखणे असतात हो! त्यांना क्रायोलाइट नाही म्हणून तोंड पाडून परत नेणारे लोक पाहिले की वाईट वाटतं.

हॅलाइडच हवं असेल तर फ्लोराइट शोधा. गुजरातेत छोटा उदेपूर जिल्ह्यातलं अंबाडुंगर आणि आपल्या शेजारच्या छत्तीसगडमधलं राजनांदगावकडचं चांदीडोंगरी ही त्याची नावाजलेली ठिकाणं. क्रायोलाइटची खाण भारतात नाही.

दहावीच्या धातुविज्ञानाच्या धड्यात क्रायोलाइट येतो. त्याचं तिथे काम काय?

मुलं पाठ करतात की ‘द्रवणांक कमी करण्यासाठी’, आणि दोन गुण मिळवतात. पण चित्र डोळ्यांपुढे आणा. बॉक्साइट शुद्ध करून मिळणारं ॲल्युमिना हे पांढरं पीठ २०७२ अंशांना वितळतं. एवढी उष्णता सोसणारं भांडं आणायचं कुठून? पण वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये हेच पीठ चहातल्या साखरेसारखं विरघळतं, आणि काम साधारण ९५० अंशांत भागतं. त्यातून वीज सोडली की खाली धातू साचतो.

हे १८८६ मध्ये दोघांनी स्वतंत्रपणे शोधलं. अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल, फ्रान्समध्ये पॉल एरू. दोघांचा जन्म १८६३ चा, दोघांचा मृत्यू १९१४ चा. शोध लावला तेव्हा वय बावीस-तेवीस. वर्गात हे सांगितलं की मागचा बाकसुद्धा मान वर करतो.

क्रायोलाइटचे आणखी गुण इथे कामी येतात. तो वीज वाहून नेतो, पण स्वतः सहजासहजी तुटत नाही. त्याचा रस वितळलेल्या ॲल्युमिनियमपेक्षा किंचित हलका, म्हणून धातू तळाला बसतो आणि वरच्या हवेपासून वाचतो. रसावर दुधावरच्या सायीसारखं कवच धरतं. ते फोडून नवं ॲल्युमिना टाकत राहायचं. हा रस जवळजवळ सगळं खाऊन टाकतो, म्हणून भट्टीच्या कडांना तो थोडा थिजू देतात आणि त्या थिजलेल्या थराचीच भिंत बनते. स्वतःचं भांडं स्वतःच. किलोभर ॲल्युमिनियमला साधारण १३ ते १५ युनिट वीज लागते. घरचं लाइट बिल आठवा आणि मग भंगारवाल्याला पातेलं किती स्वस्तात देता त्याचा विचार करा.

खाण बंद झाली, तर कारखाने चालून कसे राहिले?

कृत्रिम क्रायोलाइटवर. फ्लोराइटपासून किंवा खत कारखान्यांतून निघणाऱ्या फ्लोरीनयुक्त आम्लापासून तो तयार करतात. गंमत पाहा, निसर्गात कॅल्शियमने पळवलेला फ्लोरीन माणसाने आम्ल वापरून परत सोडवून आणला. शिवाय भट्टीत क्रायोलाइट जळून जात नाही. थोडा उडतो, थोडा अस्तरात मुरतो, तेवढाच भरायचा. याच कृत्रिम पावडरीचा काही भाग घासण्याच्या चाकांत, इनॅमलमध्ये आणि दुधी काचेतही जातो.

हातात घेतला तर विषबाधा होते का?

खडा हाताळून काही होत नाही. चाटू नका, दळू नका, हात धुवा. धोका धुळीचा आहे. कोपनहेगनमध्ये क्रायोलाइट दळणाऱ्या कामगारांची १९३२ मध्ये क्ष-किरण तपासणी झाली, तेव्हा अनेकांची हाडं भलतीच दाट आणि ताठर झालेली दिसली. हाडांच्या फ्लोरोसिसचा, म्हणजे फ्लोराइड साठून होणाऱ्या आजाराचा, आधुनिक अभ्यास तिथूनच पुढे गेला. कारण पुन्हा तेच. हाड म्हणजे कॅल्शियमचा साठा, आणि फ्लोरीन त्याच्याकडे ओढला जातो.

नागपुरात याबद्दल आणखी कुठे कळेल?

खनिजांच्या बाबतीत आपलं गाव नशीबवान आहे. भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय सिव्हिल लाइन्सला, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय सेमिनरी हिल्सला. अमरावती रोडवर वाडीला जवाहरलाल नेहरू ॲल्युमिनियम संशोधन केंद्र आहे, १९८९ सालचं. बॉक्साइटपासून धातूपर्यंत सगळा प्रवास तिथे अभ्यासला जातो. त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या कितीतरी लोकांना त्या फाटकाआत काय चालतं याची कल्पना नसते. मलाही निवृत्त होईपर्यंत नव्हती.

किंमत किती? विकता का?

नाही.

क्रायोलाइट राहू द्या. आमच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आहे म्हणतात, ते याच्यामुळे का?

यवतमाळकडच्या एक मावशी कार्यक्रम संपल्यावर थांबल्या आणि हे विचारलं. तेव्हापासून हा प्रश्न मी स्वतःच काढतो.

क्रायोलाइटमुळे नाही. यवतमाळ, चंद्रपूर भागांतल्या काही विहिरी-बोअरमध्ये येणारं फ्लोराइड खडकांतल्या फ्लोराइट, ॲपेटाइट, अभ्रकासारख्या खनिजांतून झिरपतं. पण सूत्र तेच. पाण्यात कॅल्शियम भरपूर असेल तर तो फ्लोराइडला धरून खाली बसवतो. खोलवरच्या पाण्यात कॅल्शियम कमी आणि सोडियम जास्त झाला की फ्लोराइड मोकळं फिरतं. म्हणूनच डाळ न शिजणाऱ्या जड पाण्याला आपण नावं ठेवतो, आणि गोड, हलकं लागणारं पाणी मात्र कधी कधी दगा देतं. फ्लोराइडला रंग, वास, चव नाही. उकळल्याने ते जात नाही. पाणी आटतं, म्हणून उलट दाट होतं. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक लिटरला १ मिलिग्रॅम, दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत. मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे किंवा तपकिरी पट्टे दिसत असतील, तर पाण्याचा नमुना तपासून घ्या. जिल्ह्याच्या शासकीय पाणी तपासणी प्रयोगशाळेत किंवा भूजल सर्वेक्षण यंत्रणेकडे ते होतं. ग्रामपंचायतीला विचारलं तर रस्ता सांगतील.

आणि उपायातही ॲल्युमिनियम भेटतो. नागपूरच्याच नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत पाण्यात चुना, ब्लीचिंग पावडर आणि तुरटी घालतात. तुरटीतल्या ॲल्युमिनियमचे कापसासारखे पुंजके बनतात, फ्लोराइड त्यांना चिकटून तळाशी बसतं आणि वरचं पाणी निवळून घेतात. तुरटीचं प्रमाण पाण्याच्या तपासणीवरूनच ठरतं. घरी अंदाजाने मूठभर टाकू नये, नाहीतर ॲल्युमिनियमच पोटात जायचा. मावशींना एवढं सांगितलं तर त्या पेल्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “म्हणजे आमच्या बादलीत तुमचा हा दगडच होऊन राहिला म्हणा!”

अगदी तसा नाही, मावशी. पण त्यातली दोन माणसं तीच.